गळणाऱ्या केसांचे गणित



भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने केसांवर लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण जे मोजता येते त्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे आम्ही भौतिकशास्त्राची मंडळी समजतो. आणि केस मोजता येतात.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळा सरला की कित्येक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : ‘फणीला नुसता पुंजका येतो.’ कोणी बोअरच्या पाण्याला दोष देते, कोणी साबणाला, कोणी म्हणते नजर लागली. बाजारातून तेलाची एक बाटली येते, ती संपली की दुसरी येते. ज्या मुलीचे केस गळत असतात ती मात्र आरशासमोर एकटीच काळजी करीत बसते. माझे म्हणणे असे की, तेलाच्या बाटलीला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. केस मोजावेत, मागचे तीन महिने आठवावेत, आणि गरज वाटल्यास रक्त तपासून घ्यावे. हा क्रम उलटा झाला की पैसा जातो आणि आजार तसाच राहतो.

पहिले गणित : शंभर केसांचे

माणसाच्या डोक्यावर ढोबळमानाने एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. अशी वाढ दोन ते सहा वर्षे चालते. मग त्याचे मूळ विश्रांती घेते. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची. त्यानंतर जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येतो.

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते दहावी असे दहा वर्ग, प्रत्येक वर्गात शंभर मुले. दर वर्षी दहावीची शंभर मुले बाहेर पडतात आणि पहिलीत शंभर नवी येतात. शाळा ओस पडली असे कोणी म्हणते का? केसांचेही तसेच आहे. एक लाख केस, आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी एक हजार दिवस धरला, तर रोज बाहेर पडणारे केस किती? एक लाख भागिले एक हजार, म्हणजे शंभर. तेव्हा रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नव्हे, तो शाळेचा निकाल आहे.

मग भावाचे केस गळताना दिसत नाहीत आणि बहिणीचेच का दिसतात? यातही गणितच आहे. बहिणीचा केस साठ सेंटिमीटर लांब असेल, तर शंभर केसांची एकूण लांबी साठ मीटर होते. भावाचा केस तीन सेंटिमीटरचा; त्याच्या शंभर केसांची लांबी तीनच मीटर. संख्या तीच, पण पुंजका वीसपट मोठा! कित्येक मुलींची निम्मी भीती एवढ्या एका गुणाकाराने दूर होऊ शकते.

हे घरी करून पाहता येते. सात दिवस फणीत, उशीवर आणि न्हाणीघरात सापडलेले केस एका कागदी पुडीत जमवा. न्हाण्याच्या दिवशी संख्या जास्त येईल, म्हणून सात दिवसांची सरासरी काढा. मग भिंगाखाली केसाचे टोक पाहा. टोकाला मोहरीहूनही बारीक अशी पांढरी गाठ दिसली, तर तो केस आपले आयुष्य संपवून मुळापासून सुटला आहे. गाठ नसेल, तर तो मधेच तुटला आहे. तुटलेल्या केसांचे कारण बहुधा बाहेरचे असते. ओले केस जोराने विंचरणे हे त्यातले नेहमीचे. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. अशा वेळी तेलाचा उपयोग होतो, हे मी नाकारीत नाही. तेलाने केसाकेसांतले घर्षण कमी होते आणि फणी सहज फिरते. पण डोक्यावर दिसणारा केस हा जिवंत नसतो. त्याला तेल ‘पाजता’ येत नाही. जिवंत आहे ते कातडीखालचे मूळ, आणि त्याचे जेवण रक्तातून येते.

दुसरे गणित : तीन महिन्यांचे

रात्री तुम्ही ध्रुवतारा पाहता, तेव्हा तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश तेथून चारशेहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला असतो. गळणारा केसही असाच जुनी बातमी घेऊन येतो, फक्त ती तीन महिन्यांची असते.

शरीरावर मोठे संकट आले, उदाहरणार्थ हिवताप, विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार, की शरीर काटकसर सुरू करते. केस वाढवणे हे काही जगण्यासाठी निकडीचे काम नव्हे. म्हणून पुष्कळशी मुळे एकदम विश्रांतीला जातात. एरवी शंभरातली दहाएक मुळे विश्रांतीत असतात; अशा वेळी ती तीसपर्यंतही जाऊ शकतात. तीस हजार केस तीन महिन्यांत गळायचे, म्हणजे रोजचे तीनशे. पण ते लगेच गळत नाहीत. विश्रांतीचा काळ संपल्यावर गळतात. तोवर ताप विसरलेलाही असतो.

गडचिरोली हा महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार सोसणारा जिल्हा आहे. श्रावण-भाद्रपदात हिवतापाने अंथरूण धरलेल्या मुलीचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागतात. घरातले लोक दिवाळीच्या उटण्याला किंवा नव्या साबणाला दोष देतात, आणि खरा आरोपी कधीच निघून गेलेला असतो. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीनंतरही असंख्य लोकांनी हाच अनुभव घेतला.

यात एक आशेची गोष्ट आहे. मुळे मेलेली नसतात, झोपलेली असतात. संकट टळले असेल तर काही महिन्यांत केस पुन्हा येतात. आणि येथेच फसगत होते. केस गळू लागल्यावर आपण महागडे तेल आणतो. पुढच्या तीन-चार महिन्यांत केस आपोआपच सुधारणार असतात. ते सुधारतात, आणि श्रेय तेलाला जाते! कोंबडा आरवल्यानंतर सूर्य उगवतो. म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे आपण म्हणत नाही. तोच विवेक तेलाच्या जाहिरातीपुढेही ठेवायला हवा.

तिसरे गणित : रक्ताचे

पण संकट टळलेलेच नसेल तर? ते रोजच्या ताटात असेल तर?

स्त्रीच्या शरीरातून मासिक पाळीत सुमारे चाळीस मिलिलिटर रक्त जाते असे धरा. हिमोग्लोबिन १२ असेल, तर तेवढ्या रक्तात सुमारे १६ मिलिग्रॅम लोह असते. आता आपले जेवण पाहा. भात, वरण, भाजी. यांतले लोह शंभर भाग पोटात गेले, तर ढोबळमानाने पाच ते दहा भागच अंगी लागतात. म्हणजे पाळीतले १६ मिलिग्रॅम भरून काढायला दर महिन्याला १६० ते ३२० मिलिग्रॅम जादा लोह ताटात यायला हवे. ते येत नाही. शिवाय पुष्कळ घरांत मुलगी नि आई सर्वांत शेवटी जेवतात आणि उरलेले जेवतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. केस गळण्याची इतर कारणे आहेतच. पण लोहाची उणीव हे आपल्या भागात पहिल्यांदा तपासून पाहावे असे कारण आहे. थकवा, धाप, फिकट डोळे आणि गळते केस एकत्र दिसले, तर तेलाच्या दुकानाकडे न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जा.

येथे आपल्या जिल्ह्यांसाठी एक विशेष सूचना. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यातही रक्त कमी होते, पण कारण वेगळे असते. अशा रुग्णाला, विशेषतः ज्याला वारंवार रक्त द्यावे लागते त्याला, न तपासता लोहाच्या गोळ्या देत राहिल्यास अंगात लोह साचून अपाय होऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मात्र खिडकीबाहेर फेकू नका. सिकलसेल असल्यास तसे शिक्षकांना आणि आरोग्यसेविकेला सांगा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, कारण तो लोह अडवतो. भाजीवर लिंबू पिळा किंवा आवळा खा, म्हणजे लोह जास्त शोषले जाते. आपल्या जंगलात आवळ्याला तोटा नाही, परसात शेवगा आहे, पावसाळ्यात तरोट्याची भाजी आहे. या गोष्टींना जाहिरात नसते, एवढाच त्यांचा दोष.

बायकांचे दुखणे दडून का राहते, याचे उत्तरही गडचिरोलीनेच जगाला दिले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी या जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रियांचा एखादा ना एखादा आजार होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या ८! आजार नव्हते असे नाही. विचारायला कोणी गेले नव्हते. गळत्या केसांकडे मी याच दृष्टीने पाहतो. पाळीत जास्त रक्त जाते हे मुलगी लाजेने सांगत नाही. केस मात्र सर्वांसमक्ष गळून ते सांगून टाकतात.

वेणी आणि बल

काही कारणे डोक्याच्या बाहेरची असतात. निरोगी केसाला पाऊणशे ते शंभर ग्रॅम वजन टांगले तरी तो तोलून धरतो. पण केसाची ताकद वेगळी आणि मुळाची सहनशक्ती वेगळी. रोज सकाळी कपाळाकडून केस ओढून घट्ट वेण्या घातल्या, त्या दुमडून वर रिबिनीने आवळल्या, की मुळांवर सात-आठ तास सतत ताण राहतो. लहान बलही दीर्घकाळ लावले तर काम करते. कानशिलापाशी आणि कपाळाच्या कडेला केस विरळ दिसू लागतात. वर्षानुवर्षे हे चालले तर मूळ कायमचे निकामी होऊ शकते. केस नीट बांधलेले असावेत हा शाळेचा आग्रह योग्य आहे. पण ते डोके दुखेपर्यंत आवळलेले असावेत, या आग्रहात शिस्त कोणती? माझ्या मते शिक्षक-पालक सभेत हा विषय मांडण्याजोगा आहे. सैल एक वेणी हीसुद्धा शिस्तच आहे.

डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत गोल डाग पडला, तर आपल्याकडे ‘चाई पडली’ किंवा ‘किड्याने केस खाल्ले’ म्हणतात. कोणताही किडा येत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. खवले, खाज आणि तुटके केस असलेला चट्टा मात्र बुरशीचा असू शकतो. तो दुसऱ्याला लागतो आणि औषधाने बरा होतो. तोवर फणी वेगळी ठेवावी. आईच्या वयाच्या बायकांत भांग हळूहळू रुंद होत जातो. त्यात आनुवंशिकतेचा आणि शरीरातल्या संप्रेरकांचा भाग असतो. कधी गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडलेले असते. यांतला फरक दुकानदाराला कळत नाही, डॉक्टरला कळतो.

बुलढाण्याचा धडा

आता विदर्भातलीच एक घटना पाहा. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हातात येणारे केस, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, स्त्रिया, मुले, कोणीही सुटले नाही. ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन लोक मोकळे झाले. कोणी शाम्पूला धरले, कोणी पाण्याला. पाण्यात नायट्रेट जास्त निघाले, तेव्हा कारण सापडलेच असे पुष्कळांना वाटले.

पण थांबा. तेथले पाणी काही त्याच आठवड्यात खारट झालेले नव्हते. तो खारपाणपट्टाच आहे. जुने कारण आणि अचानक आलेला परिणाम, हा मेळ बसत नाही. नवे काय आले, हे शोधायला हवे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने गावांत येऊन नमुने गोळा केले. विंचूदंशावरील उपचारांसाठी ज्यांचे नाव आपण ऐकतो, त्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि गहू यांचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष सांगितले : रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले होते; आणि बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हात किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम होते. गहू धुऊन तपासला तरी आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. याचा अर्थ तुम्हीच लावा. सेलेनियम दाण्यावर बसलेल्या धुळीत नव्हते, दाण्याच्या आत होते. म्हणजे ते पिकाने जमिनीतून उचललेले असणार. पंजाबच्या काही भागांतल्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे.

सेलेनियम आमच्या विषयातले जुने ओळखीचे मूलद्रव्य आहे. प्रकाश पडला की त्याची विद्युत्‌वाहकता वाढते, म्हणून ते प्रकाशविद्युत घटांत आणि झेरॉक्सच्या यंत्रांत वापरले गेले. शरीरालाही ते लागते, पण दिवसाला काही दशक मायक्रोग्रॅम. चारशे मायक्रोग्रॅमच्या पुढे रोज गेले तर ते अपायकारक ठरते. आता हिशेब करा. वरच्या गव्हाच्या तीनशे ग्रॅमच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात ४२०० मायक्रोग्रॅम जातात, म्हणजे मर्यादेच्या दहापट! चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात सेलेनियमच्या अतिरेकाने लोकांचे केस आणि नखे गळाली होती. बुलढाण्यातही एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखे गळाल्याचे वृत्त आले. दोन्ही चित्रे किती जुळतात ते पाहा.

यावरून उद्यापासून रेशनच्या गव्हाला घाबरू नका. धडा तो नव्हे. धडा असा की, ‘कधी सुरू झाले, कोणाचे गेले, नवे काय आले’ हे प्रश्न विचारल्याशिवाय कारण सापडत नाही. या गावांतल्या लोकांनी कितीही तेल चोळले असते, तरी ताटातले सेलेनियम कमी झाले नसते.

हसण्याचे गणित नाही

त्या गावांत आणखी एक गोष्ट घडली. मुलींनी शाळा-महाविद्यालयांत जाणे सोडले, ठरलेली लग्ने अडचणीत आली. सेलेनियम शरीरातून निघून जाते, काहींच्या डोक्यावर केस पुन्हा उगवलेही. पण बुडालेले वर्ष परत उगवत नाही.

पुरुषाचे टक्कल आपण विनोदात काढतो, आणि स्त्रीच्या विरळ केसांना मात्र कुजबुजत नावे ठेवतो. याची मुळे जुनी आहेत. एके काळी आपल्या समाजातल्या काही जातींत नवरा वारलेल्या बाईचे केस जबरदस्तीने काढीत. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच या केशवपनाविरुद्ध संप केला, तो आपल्या इतिहासातला अभिमानाचा प्रसंग आहे. केस नसणे म्हणजे बाईचे काहीतरी अशुभ, ही समजूत मात्र अजून पुरती गेलेली नाही. ती घालवायला प्रयोगशाळा लागत नाही.

तुमच्या वर्गात एखादी मुलगी डोक्याला रुमाल बांधून आली, तर काय कराल? तिच्याकडे पाहून हसणे सोपे आहे. तिच्या बाकावर शेजारी जाऊन बसणे हे त्याहून फार अवघड नाही. ती बोलली, तर तिला शंभर केसांचे गणित सांगा. मागच्या तीन महिन्यांत ताप आला होता का ते विचारा. आणि हिमोग्लोबिन तपासायला तिच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत जा. तुमच्या आईलाही न्या. बहुतेक घरांत तिचे रक्त बाळंतपणानंतर कोणी तपासलेलेच नसते.

तेलाची बाटली नंतर घ्या. तोवर सात दिवसांची पुडी उघडा आणि मोजायला बसा.